लेणी नव्हे, गुहा: क्वालालंपूरहून एका दिवसाची भटकंती

मलेशियात राहणाऱ्या मराठी वाचकांकडून बाटू केव्हज या मुरुगनाच्या (कार्तिकेयाच्या) गुहेतल्या देवस्थानाबद्दल आणि इपोह शहरातल्या गुहामंदिरांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : नोकरीनिमित्त चार महिन्यांपूर्वी क्वालालंपूरला आलो. आई तीन आठवड्यांसाठी आली आहे, वय 68. मुलगी सहा वर्षांची. शनिवारी पहाटे निघून बाटू केव्हज आणि इपोहची गुहामंदिरं एकाच दिवसात उरकता येतील का?

उरकायचीच म्हटलं तर उरकतील, पण पाहून होणार नाहीत. इपोह क्वालालंपूरच्या उत्तरेला सुमारे 200 किलोमीटरवर आहे. जाण्या-येण्यातच पाच तास मोडतात. बाटू केव्हज मात्र शहराच्या उत्तरेला अवघ्या 13 किलोमीटरवर. तेव्हा सरळ दोन वार करा : एका शनिवारी सकाळी बाटू केव्हज करून जेवायला घरी या, आणि पुढच्या शनिवारी पूर्ण दिवस इपोहला द्या.

बाटू केव्हजसाठी गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. केएल सेंट्रल या क्वालालंपूरच्या मुख्य स्टेशनहून केटीएम कोमुटर ही लोकल गाडी थेट पायथ्याशी सोडते, तिकीट तीन रिंगिटच्या आत आहे आणि टच अँड गो हे आधी पैसे भरायचं कार्ड चालतं. या गाड्या शहरातल्या एलआरटी रेल्वेसारख्या लागोपाठ सुटत नाहीत. एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर बसावं लागतं, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहून ठेवा. आणखी एक : गुलाबी पाट्या लावलेले डबे फक्त बायकांसाठी असतात. आई आणि पत्नी तिकडे बसल्या तर तुम्ही शेजारच्या डब्यात बसा. कुटुंब बरोबर आहे म्हणून पुरुषाला तिथे मुभा मिळत नाही.

पोहोचायची वेळ सकाळी साडेसात धरा, आठच्या पुढे नको. गुहेपर्यंतचा 272 पायऱ्यांचा जिना उघड्यावर आहे. साडेनऊपर्यंत उन्हाचा चटका लागायला लागतो, कठडेही तापतात आणि त्याच सुमाराला पर्यटकांच्या बसगाड्या येऊन थडकतात. दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे चढताना थकवा आपल्या अंदाजाच्या दुप्पट येतो. माणशी किमान एक लिटर पाणी बरोबर घ्या. दुपारी तीन-चारनंतर गडगडाटासह पाऊस येण्याचा संभव वर्षभर असतो, एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर जास्तच. ओल्या रंगवलेल्या पायरीवरून उतरणं हे चढण्यापेक्षा जास्त धोक्याचं.

प्रश्न : वरच्याच पत्रात आहे, आईचे गुडघे दुखतात. 272 पायऱ्या झेपतील का?

दमाचा भाग कमी, पायरीच्या घडणीचा जास्त. बाटू केव्हजच्या पायऱ्या उंच आहेत आणि पाऊल ठेवायची जागा अरुंद. मोठ्या माणसाचं पाऊल पूर्ण मावत नाही, टाच बाहेर राहते. चढताना हे जाणवत नाही, कारण वजन चवड्यावर असतं. उतरताना मात्र सगळा भार एका गुडघ्यावर येतो आणि टाचेला आधार मिळत नाही. दुखरा गुडघा इथेच दगा देतो. म्हणून वरपर्यंत जाता येईल का, हे विचारण्याआधी खाली येता येईल का, हे विचारा. आईंना घरच्या जिन्याचे दोन मजले कठड्याला न धरता उतरता येत असतील तर सावकाश न्यायला हरकत नाही. तेवढंही जड जात असेल तर वरचा हट्ट सोडा.

न्यायचंच ठरलं तर जिन्याच्या मधल्या कठड्याच्या कडेने चढा. ठरावीक अंतराने सपाट जागा आहेत, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा. उतरताना पाऊल थोडं आडवं टाका, म्हणजे टाच पायरीवर येते. उतरताना एक जण आईंच्या पुढे, एक पायरी खाली असावा. मागून हात धरून उपयोग नाही. आणि 272 म्हणजे सगळं संपलं असं नाही : वर पोहोचल्यावर गुहेत थोडं खाली उतरावं लागतं आणि आतल्या मोकळ्या आकाशाच्या दालनात वल्ली आणि देवयानी या बायकांसह मुरुगनाचं देऊळ आहे, तिथे जायला पुन्हा पायऱ्या आहेत. मुख्य दालनाचं छत सुमारे 100 मीटर उंच आहे. आई तिथपर्यंत पोहोचल्या तरी पुष्कळ झालं, आतला शेवटचा जिना सोडला तरी चालेल.

खालीही पाहण्यासारखं पुष्कळ आहे. 42.7 मीटर उंचीची मुरुगनाची सोनेरी मूर्ती जानेवारी 2006 मध्ये उभी राहिली; ती पायथ्यालाच आहे आणि तिच्यासमोरच्या चौकात कबुतरांचे थवे उतरतात. मुलगी तिथेच रमेल. स्टेशनच्या अगदी जवळ हिरव्या रंगाचा 15 मीटरचा हनुमान आहे आणि त्याला लागून रामायण गुहा. तिला वेगळं तिकीट आहे, पण आत बरंचसं सपाट चालायचं आहे. आडव्या पडलेल्या भल्यामोठ्या कुंभकर्णाला उठवायला लागलेली सेना पाहून सहा वर्षांची मुलं हरखून जातात. आजी आणि नात तिथे, बाकीचे वर, अशी वाटणी करता येईल.

प्रश्न : कपडे, चपला, प्रसाद, जेवण यांचं काय? तिथे हाफ पँट चालत नाही असं ऐकलं.

गुडघे झाकलेले हवेत. बायकांच्या बाबतीत हे काटेकोरपणे पाहिलं जातं. गुडघ्यावरचे कपडे असतील तर जिन्यापाशी थोड्या पैशांत गुंडाळायला कापड भाड्याने मिळतं. सलवार-कुर्ता उत्तम. साडी नेसून चढता येतं, पण निऱ्या जरा वर खोचा, कारण पायरी उंच आहे. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. गाभाऱ्याशी पादत्राणं काढावी लागतात आणि फरशी बऱ्याचदा ओली असते, म्हणून पायमोज्यांची जास्तीची जोडी बरोबर असू द्या.

जेवणाची चिंता नाही. पायथ्याशी दक्षिण भारतीय शाकाहारी उपाहारगृहांची रांगच आहे : इडली, तोसै (आपला डोसा), केळीच्या पानावरचा भात. शहाळंही मिळतं. मात्र शनिवारी-रविवारी अकरानंतर टेबल मिळायला वेळ लागतो. न्याहारी उतरल्यावर करा. भरल्या पोटी तो जिना चढू नये.

प्रश्न : मागच्या वेळी माकडाने मुलाच्या हातातून रसाचा डबा हिसकावला आणि हाताला ओरखडा आला. काय चुकलं?

डबा दिसत होता, हे चुकलं. ही लांब शेपटीची माकडं पर्यटकांच्या खाण्यावर वाढलेली आहेत आणि त्यांना नेमक्या खुणा ठाऊक आहेत : प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज, बाटलीचं रंगीत झाकण, मुलाच्या छातीच्या उंचीवर धरलेली वस्तू. घारापुरीला गेलेल्यांना हा अनुभव असेल. पण इथे माकडं जिन्याच्या कठड्यावरच बसतात, म्हणजे तुमच्या खांद्याच्या पातळीवर. अंतरच उरत नाही.

खाणंपिणं चेनच्या पाठपिशवीत टाका आणि पिशवी पुढे छातीवर घ्या; बाजूच्या जाळीत बाटली खोचून ठेवू नका. पूजेचं नारळ-केळं कापडी पिशवीत गुंडाळून आत ठेवा. मुलांना जिन्यावर काही म्हणजे काही खायला देऊ नका, चॉकलेटही नाही. चष्मा आणि मोबाइल सांभाळा. माकड समोर आलंच तर डोळ्याला डोळा भिडवू नका आणि हसू नका. दात दिसले की माकड चिडू शकतं आणि फोटोसाठी हसणारी मुलं नेमकी तिथेच फसतात. वस्तू त्याच्या हातात गेली तर ओढाओढ न करता सोडून द्या. या ओढाओढीतच चावा बसू शकतो.

ओरखड्याबद्दल : चावा असो की रक्त आलेला ओरखडा, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारायचं. तुमच्या मुलाला अजून दाखवलं नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच दाखवा.

प्रश्न : अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला बाटू केव्हजमध्ये शिल्पकाम फारच कमी वाटतं. छतावरून सारखं पाणी ठिबकत असतं. या लेण्यांची देखभाल होत नाही का?

ही लेणी नाहीतच, आणि एवढं एक लक्षात घेतलं की तिथे काय पाहायचं ते आपोआप उमगतं. आपल्याकडे माणसाने दगडात कोरून जागा केली. वेरूळचं कैलास म्हणजे 16 नंबरचं लेणं, कळसाकडून पायाकडे एकाच खडकातून उतरवत आणलेलं. तो बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला सह्याद्रीचा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्यात छिन्नीची रेघ दीड-दोन हजार वर्षं टिकते.

बाटूचा डोंगर चुनखडीचा आहे, सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचलेला. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं आणि फटींतून उतरताना चुनखडी विरघळवत जातं. लाखो वर्षांत फटीची भेग होते, भेगेचं दालन. माणसाने इथे जागा केलेली नाही, तयार जागेत देव आणून बसवला. तमिळ व्यापारी के. तंबुसामी पिळ्ळै यांना गुहेच्या मुखाचा आकार मुरुगनाच्या वेलसारखा, म्हणजे भाल्याच्या पात्यासारखा, वाटला आणि 1890 च्या सुमारास त्यांनी इथे देवस्थान उभं केलं. लाकडी जिना 1920 मध्ये आला, सिमेंटचा 1940 मध्ये आणि आजचे रंग ऑगस्ट 2018 मध्ये. तेव्हा रंगीत जिना आणि मूर्ती यांत कोरीवकाम शोधत बसाल तर निराशा पदरी येईल. इथलं कोरीवकाम मान वर केल्यावर दिसतं.

ज्या ठिबकण्याला तुम्ही दुरवस्था समजलात, तोच इथला कारागीर. थेंब छताला लटकला की त्यातला वायू हवेत निघून जातो, विरघळलेला चुना पाण्यात मावेनासा होतो आणि थेंबाच्या कडेला नखाच्या कडेएवढंही नसलेलं पांढरं कडं धरतं. कड्यावर कडं चढत पोकळ नळी होते, नळी बुजली की पाणी बाहेरून ओघळतं आणि गाजरासारखा अधोमुखी लवणस्तंभ तयार होतो. खाली पडलेला थेंब जमिनीवर ऊर्ध्वमुखी स्तंभ वाढवतो. हा वेग वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. मुलाच्या बोटाएवढा स्तंभ उभा राहायला शेकडो वर्षं लागतात. म्हणूनच हात लावू नये : त्वचेचं तेल पृष्ठभागावर बसलं की त्या जागी चुना धरत नाही आणि डाग काळा पडतो. स्तंभ जिवंत आहे की मेलेला हे टोकाला थेंब आहे का यावरून कळतं. टोक ओलं आणि चकचकीत असेल तर वाढ चालू आहे. कोरडं, धुळकट, राखाडी असेल तर पाण्याने वाट बदलली आहे. आतल्या दालनात पाच मिनिटं एका जागी उभं राहून एवढंच न्याहाळा. मुलांनाही हे आवडतं.

वाटेत बाजूला असलेली डार्क केव्ह, जिथे मार्गदर्शकाबरोबर वटवाघळं आणि दुर्मीळ कोळी दाखवत, 2019 मध्ये बंद झाली. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

प्रश्न : आमच्याकडे कार्तिकस्वामीचं दर्शन बायका घेत नाहीत. सासूबाई बाटू केव्हजला यायला तयार नाहीत. मुरुगन म्हणजे कार्तिकेयच ना?

हो, कार्तिकेयच. पण महाराष्ट्रात तो ब्रह्मचारी मानला गेला, म्हणून पुण्यात पर्वतीवरच्या कार्तिकस्वामीसारख्या ठिकाणी बायकांनी दर्शन न घेण्याची प्रथा पडली आणि कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्राच्या योगावर ती शिथिल होते. तमिळ परंपरेत मुरुगन गृहस्थ आहे : वल्ली आणि देवयानी या त्याच्या दोन बायका, आणि बाटूच्या गुहेत तो त्यांच्यासह पुजला जातो. डोक्यावर दुधाचा कलश, म्हणजे पाल कुडम, घेऊन जिना चढणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी असते. सासूबाईंना हे असं सांगा की देव तोच, घराणं वेगळं, आणि तिथल्या रीतीप्रमाणे त्यांना पूर्ण मान आहे. तरीही मन घेत नसेल तर आग्रह करू नये. रामायण गुहा आणि मारुती त्यांच्यासाठी आहेतच.

प्रश्न : तैपूसमला जावं का?

जन्मात एकदा तरी पाहावं, पण लहान मूल आणि वयस्कर माणूस घेऊन नव्हे. तमिळ तै महिन्याच्या पौर्णिमेला, पुष्य नक्षत्राच्या सुमाराला हा उत्सव येतो. आपल्या पंचांगात कधी पौषी, कधी माघी पौर्णिमा. पार्वतीने मुरुगनाला वेल दिला तो हा दिवस. बाटूला तो 1892 पासून होतो. शहरातल्या श्री महामारिअम्मन देवळातून, जे 1873 चं आहे, मुरुगनाचा चांदीचा रथ निघतो आणि लोक रात्रभर त्याच्याबरोबर पायी चालतात. ज्याला आषाढी वारी ठाऊक आहे त्याला या चालण्याचा ठेका परका वाटणार नाही. मात्र गालातून, जिभेतून आणि पाठीतून शलाका ओवून कावडी नेणारे भक्त जवळून दिसतात. मुलांना आधी समजावून सांगा, किंवा नेऊ नका.

त्या दिवशी जिना चढायचा बेत करू नका. लाखोंची गर्दी असते आणि माणूस स्वतःच्या गतीने नाही, गर्दीच्या गतीने सरकतो. मधूनच मागे फिरता येत नाही. रथ शहरातून निघताना महामारिअम्मनपाशी उभं राहणं, हा सगळ्यांत सोपा आणि सुंदर मार्ग.

प्रश्न : इपोहचा दिवस कसा आखावा? आम्ही दोघं, दोघंही शाकाहारी.

केएल सेंट्रलहून ईटीएस ही वेगवान रेल्वेगाडी पकडा. साधारण अडीच तास लागतात, भाडं गाडीच्या प्रकारानुसार बदलतं. तिकीट काढताना पासपोर्ट क्रमांक लागतो, आणि शाळांच्या सुट्ट्या किंवा सणाच्या आठवड्यात जागा आधीच संपतात. परतीचं तिकीटही त्याच वेळी काढा. गेल्यावर काढू म्हणणारे संध्याकाळी फलाटावर अडकतात. लवकरात लवकरच्या गाडीने निघा. इपोहचं स्टेशन 1917 चं, वास्तुकार आर्थर बेनिसन हबक यांचं. बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडून एकदा मागे वळून त्याचा घुमट पाहा.

तिथून ग्रॅबने (मोबाइलवरून बोलवायच्या टॅक्सीने) आधी उत्तरेला पेराक तोंग हे गुहामंदिर, साधारण सहा किलोमीटर. क्रम महत्त्वाचा आहे, कारण या गुहेत मूर्तीमागून चारशेच्या आसपास पायऱ्या डोंगराच्या आतून वर जातात आणि मग उघड्यावर येतात. ती चढण सकाळीच व्हावी. 1926 मध्ये चीनहून आलेल्या एका दांपत्याने हे स्थान उभारलं. आत 12.8 मीटरची बैठी बुद्धमूर्ती आहे आणि खडकाच्या भिंतींवर थेट रंगवलेली चित्रं. उदबत्त्यांचा धूर कोंडलेला असतो. दमा असेल तर आतली चढण टाळा.

मग शहराच्या दक्षिणेला साम पो तोंग हे दुसरं गुहामंदिर. मागच्या बाजूला कड्यांनी वेढलेल्या तळ्यात कासवं आहेत आणि त्यांना कांगकुंग, म्हणजे आपली नाळीची भाजी, खाऊ घालतात. अर्धा तास पुरे. शेवटी जवळच गुनुंग रापातला केक लोक तोंग. तिन्हींत हेच आमच्या मते सर्वांत सुंदर, म्हणून त्याला दीड तास राखून ठेवा. ही एके काळी लोखंडाची खाण होती. प्रशस्त दालन, गुळगुळीत फरशी, छताला लोंबणारे प्रचंड लवणस्तंभ, आणि गुहा आरपार ओलांडली की मागे तळं आणि बाग. बागेतल्या गोट्यांच्या वाटेवर अनवाणी चालायची सोय आहे. चढण नगण्य, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही हे चालतं. दुपारच्या पावसात इथे आत असलात तर उत्तमच. मात्र पाऊस जोरात असताना कोणत्याही गुहेबाहेर कड्याला चिकटून उभं राहू नका. 1973 मध्ये इपोहच्याच गुनुंग चेरोहला कडा कोसळून सुमारे 40 माणसं गेली होती.

जेवणाबाबत एक सावधगिरी. चिनी बौद्ध शाकाहारी उपाहारगृहांत मांस-मासे नसतात, ती निर्धास्त. पण साध्या ठिकाणी 'भाजी' मागवली तर ती बलाचानमध्ये परतलेली येऊ शकते. बलाचान म्हणजे आपल्या जवळ्याची आंबवून वाळवलेली वडी. कोकणातल्या माणसाला वासावरून लगेच कळते, इतरांना खाऊन झाल्यावर. मागवताना म्हणा, "तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा उदांग, तानपा बलाचान" : मांस, मासे, कोळंबी, बलाचान यांतलं काही नको. शेवटचा शब्द विसरू नका, कारण बलाचानला तिथे कोणी मासे समजत नाही, मसालाच समजतात.

प्रश्न : सिंगापूरहून एका दिवसात बाटू केव्हज करून परत येता येईल?

विमान तासाभराचं असलं तरी दोन्हीकडचे विमानतळ, तपासण्या आणि शहरात येणं मिळून चार-पाच तास जातात आणि तुम्ही जिन्यापाशी पोहोचता ते भर बाराला. शुक्रवारी रात्री या, केएल सेंट्रलजवळ मुक्काम करा आणि शनिवारची पहिली कोमुटर पकडा.